काठीने अडवलेलं ब्रेक ऑइल

ब्रेक पॅड बदलायचे म्हटलं की 'आता एअर (ब्रेकच्या पाइपमधली हवा) काढावी लागणार' असं बरेच जण धरूनच चालतात. याच्या उलट, होज पाइप सोडवून अख्खं कॅलिपर बदललं तरी 'चार वेळा पेडल मारा, झालं' असं सांगणारेही भेटतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीत फक्त वेळ जातो, दुसरी जिवावर बेतू शकते.

छोट्या हॅचबॅक मोटारीचं पुढचं चाक डोळ्यांसमोर आणा. चाक काढलं की चकचकीत डिस्क दिसते आणि तिला चिमट्यासारखं धरून बसलेलं कॅलिपर. त्याच्या पोटात पाच-साडेपाच सेंटिमीटर व्यासाचा एक पिस्टन असतो. मागून एक रबरी होज पाइप येतो, तो बँजो बोल्टने कॅलिपरला जोडलेला असतो. बोल्ट पोकळ असतो, त्याच्या आडव्या भोकातून ब्रेक ऑइल आत जातं आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर असतो.

पॅड किंवा डिस्क बदलताना हा बँजो बोल्ट सोडवायचाच नसतो. मागचे गाइड पिनचे दोन बोल्ट काढले की कॅलिपर होजसकट बाजूला होतं. ते होजवर लोंबकळत ठेवायचं नाही, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधायचं, नाहीतर होज आतून चिरतो. ऑइलचा मार्ग कुठेच उघडलेला नाही, त्यामुळे हवा शिरायला वाटच नाही. नव्या पॅडसाठी पिस्टन मागे ढकलला की तेवढं ऑइल वर, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत चढतं. टाकी आधीच काठोकाठ असेल तर ते सांडतं आणि बॉनेटचा रंग खातं, लगेच पाण्याने धुवावं लागतं. काम झाल्यावर पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट खाली जातं. इथेच लोकांना वाटतं की एअर धरली. खरं तर पिस्टन मागे गेलेला असतो आणि तो पॅडपर्यंत परत यायला पेडलचे चार-पाच हेलपाटे लागतात. ते गाडी जागेवर असतानाच मारायचे.

कॅलिपर बदलायचं असेल, पिस्टन जाम झाला असेल किंवा होज चिरला असेल, तेव्हा मात्र बँजो बोल्ट सोडवावाच लागतो. हवेचा प्रश्न इथे सुरू होतो.

हवेचा एवढा बाऊ का, ते आकड्यांत बघू. १६६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ब्लेझ पास्कालने सांगितलं की बंदिस्त द्रवावर टाकलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. पाय पेडल दाबतो, पेडल मास्टर सिलिंडरचा, म्हणजे टाकीखालच्या मुख्य सिलिंडरचा, पिस्टन ढकलतं आणि तोच दाब चारही चाकांना मिळतो. द्रव जवळजवळ दबतच नाही म्हणून हे जमतं. हवा दबते. रॉबर्ट बॉइलचा १६६२ चा नियम शाळेत शिकलेला असतो : दाब दहापट, तर आकारमान एक दशांश. म्हणजे ब्रेकच्या पाइपमध्ये १ मिलीलिटर हवा असेल तर दाब १० बारला, म्हणजे वातावरणाच्या दहापटीला, पोहोचेपर्यंत तिच्यातला ०.९ मिलीलिटर आकुंचनातच जातो.

१ मिलीलिटर म्हणजे साधारण वीस थेंब. हे किरकोळ वाटेल, पण कॅलिपरची गरज किती आहे ते पाहा. ५४ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनला पॅड डिस्कला टेकवण्यासाठी ०.२ मिलिमीटर सरकायचं असेल, तर त्याला अर्धा मिलीलिटरही ऑइल लागत नाही. म्हणजे वीस थेंब हवा त्या चाकाच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट ऑइल गिळते. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर धरला तर हे ०.९ मिलीलिटर भरून काढायला त्याचा पिस्टन सुमारे ३ मिलिमीटर जास्त सरकावा लागतो. पेडलचं गुणोत्तर साधारण चारास एक, म्हणून पायाखाली ते ११-१२ मिलिमीटर जाणवतं. गॅरेजमध्ये ज्याला 'पेडल स्पंजी लागतंय' म्हणतात, ते हेच. हवा ५ मिलीलिटर असेल तर पेडल फरशीच्या दिशेने बरंच खाली जातं आणि पुरेसा दाब तयार होण्याआधीच जागा संपते.

मग ट्रक आणि एसटीचे ब्रेक तर हवेवरच चालतात, ते कसे? तिथे इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाकी भरत राहतो. ब्रेकला लागेल तेवढी दाबाखालची हवा टाकीतून मिळते, आणि कमी झालेली पुन्हा भरली जाते. मोटारीच्या मास्टर सिलिंडरकडे मात्र एका दाबात देण्यासाठी मोजकंच ऑइल असतं. त्यातलं हवेने खाल्लेलं परत मिळत नाही.

आता मूळ मुद्दा. टाकी वर, बोनेटखाली. उघडा होज खाली, चाकापाशी. मध्ये साधारण अर्ध्या मीटरचा उतार. बँजो बोल्ट काढला की ऑइल ठिबकू लागतं आणि थांबत नाही, कारण वरून टाकी पुरवठा करत राहते. कामाला तास लागला तर टाकी रिकामी होते, मग हवा थेट मास्टर सिलिंडरमध्ये उतरते. हे थांबवण्याची सगळ्यात सुंदर युक्ती म्हणजे एक काठी. पेडल थोडं दाबून पेडल आणि सीट यांच्यात ती अडकवून ठेवायची.

पेडल दाबल्याने तर ऑइल बाहेर यायला हवं, मग ते थांबतं कसं?

उसाच्या रसाच्या पेल्यात स्ट्रॉ बुडवा, वरच्या टोकावर बोट ठेवा आणि स्ट्रॉ उचला. रस आतच राहतो. खालून वातावरण १ बार दाबाने त्याला वर ढकलत असतं, आणि वरून हवा आत येऊ शकत नाही. बोट उचललं की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि रस पडतो. मास्टर सिलिंडरमध्ये हे बोट म्हणजे पिस्टनवरचा रबरी कप. पेडल मोकळं असताना कपाच्या अगदी पुढे एक बारीक छिद्र उघडं असतं, मिलिमीटरपेक्षाही लहान. टाकी आणि ब्रेकचे पाइप त्या छिद्रातून जोडलेले राहतात. ऑइल तापून प्रसरण पावलं तर जास्तीचं तिथूनच टाकीत परततं. पेडल दाबताच कप छिद्रापलीकडे सरकतो आणि टाकीचा संबंध तुटतो. एबीएसच्या (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) अनेक गाड्यांत छिद्राऐवजी पिस्टनच्या मधोमध छोटी झडप असते. तीही पेडल जरा हललं की बंद होते.

अर्ध्या मीटर उंचीच्या ब्रेक ऑइलच्या स्तंभाचा दाब सुमारे ५ किलोपास्कल. वातावरणाचा १०१. म्हणजे खालून वर ढकलणारा दाब वीसपट. स्तंभ पडायला कारणच उरत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. उलटी धरलेली रुंद तोंडाची बाटली वरून बंद असली तरी रिकामी होतेच, कारण हवेचे बुडबुडे खालून वर घुसतात. स्ट्रॉमध्ये ते घुसत नाहीत, कारण अरुंद तोंडावर पृष्ठताण द्रवाचा पडदा ताणून धरतो. पाण्यासाठी ही मर्यादा साधारण १ सेंटिमीटर व्यासाची आहे. ब्रेक ऑइलचा पृष्ठताण पाण्याहून कमी, म्हणून त्याची मर्यादाही कमी. होजचं भोक ३ मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे सुरक्षित बाजूला. आणि कपाचं काय? त्याचा ओठ पुढच्या बाजूचा दाब अडवण्यासाठी बनवलेला असतो, मागून पुढे ऑइल जाऊ देण्याची त्याची मुद्दाम सोय असते. तरी ५ किलोपास्कलच्या ओढीला रबराचा स्वतःचा ताण सहसा पुरतो. कप झिजलेला असेल तर मिनिटाला एखादा थेंब येत राहतो. म्हणून काठी असली तरी होजचं टोक रबरी बुचाने बंद करायचंच. बुचामुळे धूळही आत जात नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा. गाडी सपाट जागी, जॅकखेरीज खाली घोडी (गाडी पेलणारा स्टँड), इंजिन बंद. टाकी मॅक्स खुणेपर्यंत भरा. कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. निपल अर्धा वळसा सैल करा, मदतनीसाला पेडल सावकाश तीन-चार सेंटिमीटर दाबायला सांगा आणि तिथेच काठी लावा. सीट पुढे सरकवली की काठी घट्ट बसते. आता निपल बंद करा. निपल आधी उघडल्याने पाइपमधला दाब निघून जातो. नाहीतर बँजो बोल्ट सैल करताच ऑइलची चिळकांडी डोळ्यांत उडू शकते, म्हणून चष्मा लावलेलाच बरा. पेडल दाबलेलं असेपर्यंत मागचे ब्रेक लाइट जळत राहतात. काम लांबणार असेल तर त्यांचा फ्यूज काढा, नाहीतर बॅटरी उतरते.

बँजो बोल्ट निघाल्यापासून नवं कॅलिपर बसून बोल्ट घट्ट होईपर्यंत काठीला हात लावायचा नाही. मध्येच पेडल सुटलं तर मागे येणारा पिस्टन उघड्या टोकातून हवा खेचून घेतो.

काठी नसेल तर काही जण टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ठेवून वर झाकण घट्ट लावतात. तत्त्व तेच, पण टाकीत ऑइलच्या वर हवा असते आणि ती थोडी प्रसरण पावल्यावरच गळती थांबते. ५ किलोपास्कलची घट म्हणजे सुमारे ५ टक्के प्रसरण. वर १०० मिलीलिटर हवा असेल तर ५ मिलीलिटर ऑइल गळून थांबेल. चालण्यासारखं आहे. वाइसग्रिपने (घट्ट धरून राहणाऱ्या पकडीने) होज चिमटणं मात्र टाळा. आतलं अस्तर फाटून त्याची झडप तयार होते, दाब चाकाकडे जातो पण परतत नाही, आणि ते चाक घासत राहतं.

काठी लावल्याने एअर काढायचं काम टळतं, असं नाही. नवं कॅलिपर आतून कोरडं असतं, त्यातली हवा काढावीच लागते. फायदा हा की हवा फक्त त्या एका कॅलिपरपुरती राहते. ती एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर साध्या पंपिंगने बऱ्याचदा निघत नाही, स्कॅनर लावून आतल्या झडपा उघडझाप कराव्या लागतात. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे ही काळजी आता बहुतेकांना लागू होते.

कॅलिपर बसवताना निपल सगळ्यात वर आला पाहिजे. डावं-उजवं अदलाबदल झालं की निपल खाली जातो, हवा वरच्या कोपऱ्यात अडकते आणि लिटरभर ऑइल ओतलं तरी पेडल घट्ट होत नाही. वायसर नवेच घ्या. एकदा दाबलं गेलेलं तांबं कडक होतं आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.

मग काठी काढा, निपल उघडा आणि पाच-दहा मिनिटं ऑइल आपोआप ठिबकू द्या, टाकीवर लक्ष ठेवून. कॅलिपरवर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके द्या, भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात. त्यानंतर पेडलने : दाबा, धरून ठेवा, निपल उघडा, बंद करा, मगच पेडल सोडा. घाईने पेडल मारलं की मोठा बुडबुडा फुटून बारीक होतो, आणि दहापट लहान बुडबुडा वर यायला शंभरपट वेळ घेतो. जुन्या गाडीत पेडल फरशीपर्यंत नेऊ नका, खाली लाकडी ठोकळा ठेवा. सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो आणि तो कप फाडतो.

नाव 'ब्रेक ऑइल' असलं तरी हे तेल नव्हे, ग्लायकॉल ईथर आहे. इंजिन ऑइलचा थोडासा अंशही आतलं रबर फुगवतो. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, पण 'रेसिंगचं भारी' म्हणून सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नये. ग्लायकॉल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली म्हणूनच टाकून द्यावी. घाट उतरताना असं ऑइल उकळतं, वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. घाटातल्या 'अचानक गेलेल्या' ब्रेकमागे वळणावरचं भूत नसतं. बंपरची लिंबू-मिरची दर शनिवारी बदलणारे पुष्कळ आहेत, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणारे फार थोडे.

शेवटी तपासणी. इंजिन बंद ठेवून पेडल जोराने दाबा आणि अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे. मग इंजिन सुरू करा, बूस्टरमुळे (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या यंत्रणेमुळे) पेडल किंचित खाली जाऊन घट्ट थांबायला हवं. बँजोच्या दोन्ही वायसरभोवती कोरडा कागद फिरवून पाहा, मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक लावून बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कागद पुन्हा एकदा फिरवा.