लहान चौकोनी बेलर : ब्रँडच्या तुलनेमागचा इतिहास

चाऱ्याचे लहान चौकोनी गठ्ठे बांधणारा बेलर घ्यायचा ठरला की न्यू हॉलंड, जॉन डीअर, मॅसी फर्ग्युसन, केस आयएच, क्लास, वेल्गर ही नावे पुढे येतात आणि बोलणे लवकरच यंत्राच्या रंगावर जाते. माझ्या मते तुलना दोन प्रश्नांपासून सुरू व्हावी: यंत्रात सुतळीची गाठ कशी बसते, आणि चारा चेंबरमध्ये, म्हणजे गठ्ठा दाबला जातो त्या कप्प्यात, कोणत्या बाजूने शिरतो. या दोन्हींची उत्तरे आजच्या कंपन्यांच्या बऱ्याच आधी, किंवा त्यांच्यापैकी एखादीच्याच कारखान्यात, ठरलेली आहेत.

गाठ मारणारा नॉटर मुळात बेलरसाठी बनला नव्हता. कापणीनंतर धान्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या बाइंडरमध्ये पूर्वी तार वापरत असत आणि तिचे तुकडे धान्यात व वैरणीत मिसळून जनावरांच्या पोटात जात. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबी यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस सुतळीने गाठ मारणारी यंत्रणा व्यवहारात उतरवली आणि विल्यम डीअरिंग यांनी ती आपल्या बाइंडरमध्ये घेतली. पुढे मॅककॉर्मिक आणि डीअरिंग या प्रतिस्पर्धी कंपन्या १९०२ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरमध्ये एकत्र आल्या, तरी नॉटरचे दोन प्रकार आजही ‘डीअरिंग’ आणि ‘मॅककॉर्मिक’ याच नावांनी ओळखले जातात. जर्मनीत क्लासने नॉटरचे पेटंट १९२१ मध्ये मिळवले आणि गाठ मारणाऱ्या आकड्याची (हुकाची) आकृती कंपनीच्या बोधचिन्हात गेली.

नॉटरचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. गठ्ठ्याची लांबी मोजणारे दातेरी चाक ठरलेले अंतर फिरले की खालून सुया वर येतात आणि सुतळीचे दुसरे टोक, पहिले टोक आधीच धरून ठेवलेल्या तबकडीच्या खाचेत आणून ठेवतात; दोन्ही पदर आकड्यावर पडतात, आकडा एक फेरा घेतो, त्याचा जबडा उघडून पदर पकडतो, पाते सुतळी कापते आणि फास आकड्यावरून ओढला जाताच गाठ आवळते. हे सगळे प्लंजरच्या, म्हणजे चारा दाबणाऱ्या दट्ट्याच्या, दोन ठोक्यांमध्ये उरकावे लागते, आणि आजचे बेलर मिनिटाला साधारण ८० ते १०० ठोके देतात. सुई वर असताना प्लंजर पुढे आला तर सुई मोडते, म्हणून या दोघांचा मेळ हा कोणत्याही बेलरचा सर्वांत नाजूक भाग असतो.

बेलरपर्यंत हा नॉटर उशिरा पोहोचला. एकोणिसाव्या शतकातले दाबयंत्र एका जागी उभे असे आणि चारा त्याच्यापर्यंत वाहून आणावा लागे. नंतर शेतात फिरून ओळीतला चारा उचलणारी यंत्रे आली, पण त्यांवरही दोन्ही बाजूंना माणसे बसून हाताने तार ओवत आणि पिळत. धूळ, आवाज आणि हलणारे दांडे यांच्यामध्ये दिवसभर बसण्याचे ते काम होते. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्याच्या एडविन नोल्ट यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात उचलणे, दाबणे आणि सुतळीने बांधणे ही तिन्ही कामे एका यंत्रात जुळवली. १९४० मध्ये जवळच्या न्यू हॉलंड मशीन कंपनीने ते यंत्र उत्पादनात घेतले. बेलर म्हटले की अनेकांना आधी न्यू हॉलंड आठवते, त्याचे मूळ येथे आहे. जॉन डीअरने १९४६ मध्ये तारेने बांधणारे ११६-डब्ल्यू मॉडेल आणले आणि सुतळीच्या यंत्रांकडे नंतर मोर्चा वळवला.

या पिढीत एक रचना रूढ झाली: जमिनीवरचा चारा उचलणारा पिकअप ट्रॅक्टरच्या उजवीकडे, चेंबर त्याच्या डावीकडे, आणि चारा आडवा सरकवून चेंबरमध्ये ढकलायचा. न्यू हॉलंडने त्यासाठी काट्यांचा फीडर वापरला, तर जॉन डीअरने ऑगर, म्हणजे चारा सरकवणारा मळसूत्री दांडा, पुढे ठेवला. कोरड्या, पानगळ होणाऱ्या चाऱ्यात हा फरक जाणवतो, कारण चाऱ्याची दिशा बदलताना पाने झडतात. कॅन्ससमधील हेस्टनने ‘इनलाइन’ रचना पुढे आणली: चेंबर ट्रॅक्टरच्या सरळ मागे आणि चारा खालून वर. चारा वळवावा लागत नाही आणि यंत्र रस्त्यावर नेताना एका बाजूला झुकत नाही. १९९१ मध्ये हेस्टन ॲग्को या शेतीयंत्रांच्या समूहात गेली आणि आज हीच रचना मॅसी फर्ग्युसनच्या नावाने विकली जाते.

येथूनच ब्रँडची ओळख फसवी होऊ लागते. केस आयएचचे ८५०० मालिकेतले लाल बेलर हेस्टनच्या इनलाइन वंशातले होते. १९९९ मध्ये केस आणि न्यू हॉलंड एकत्र आल्यावर आलेले एसबीएक्स मालिकेतले लाल बेलर न्यू हॉलंडच्या रचनेचे. एकाच नावाची ही दोन यंत्रे आतून वेगळ्या घराण्यांतली आहेत, आणि सुटे भाग मागवताना हा फरक न ओळखणे हमखास महागात पडते. त्यात भर म्हणजे जर्मनीतील रास्पेसारखे निर्माते एकाहून अधिक कंपन्यांसाठी नॉटर बनवतात.

म्हणून जुना बेलर पाहताना नावाच्या पाटीआधी मी आकड्याच्या जबड्याची झीज, प्लंजरवरचे चारा कापणारे पाते आणि स्थिर पाते यांच्यातील फट, तसेच सुयांची वाट तपासतो. मग मॉडेल क्रमांकावरून यंत्र कोणत्या घराण्यातले ते ठरवतो, आणि त्या घराण्याचे नॉटरचे भाग आजही मिळतात की नाही हे विचारल्याशिवाय किमतीवर बोलत नाही.