‘कॅरी ऑन सार्जंट’मागची फौज आणि ‘बुल’ची भानगड

१९५८चा ‘कॅरी ऑन सार्जंट’ हा ब्रिटिश विनोदी चित्रपट आज पाहायला बसलेल्याला पुढच्या ‘कॅरी ऑन’पटांतला चावटपणा त्यात सापडत नाही. कृष्णधवल पडद्यावर दिसते ती परेड, झाडलोट आणि पॉलिश. मालिका काढायचे तेव्हा ठरलेलेच नव्हते. मूळ कथेत भरती झालेले बॅले नर्तक होते. पडद्यावर आली ती नवख्यांची ढिसाळ पलटण आणि निवृत्तीला टेकलेला, हीच पलटण सर्वोत्तम ठरेल अशी ५० पौंडांची पैज लावून बसलेला सार्जंट.

ब्रिटनमध्ये शांततेच्या काळातही फौजेतली सक्तीची भरती चालू ठेवणारा कायदा १९४७चा, अंमल १ जानेवारी १९४९पासून. मुदत १८ महिने. कोरियात युद्ध पेटल्यावर १९५०मध्ये ती २ वर्षे झाली. एप्रिल १९५७च्या श्वेतपत्रिकेने ही भरती संपणार असे जाहीर केले. म्हणजे गिल्डफर्डच्या स्टॉटन बराकीत चित्रीकरण चालू होते तेव्हा या व्यवस्थेचे दिवस भरलेले होते. प्रेक्षागृहातले हसू मोकळे होते, त्याला हेही कारण असावे.

चित्रपट नीट कळायला ‘बुल’ हा शब्द कळावा लागतो. मूळ कथेच्या इंग्रजी नावातही तो होता. एका शिवीचे हे आखूड रूप. अर्थ, केवळ तपासणीसाठी केलेली चकाकी. बुटांच्या दोन जोड्या मिळत, त्यांचे कातडे खरबरीत. मेणबत्तीवर चमचा तापवून, पॉलिश लावत ते दाणे दाबून सपाट करायचे, मग ओल्या फडक्याने लहान लहान गोल फिरवत थरावर थर चढवायचे. चमचा जास्त तापला तर कातडे करपते, शिवणीवर टेकला तर दोरा जळतो. थर जाड झाला तर चालताना बूट जिथे दुमडतो तिथे तडे जातात, म्हणून आरसा फक्त चवड्यावर आणि टाचेवर. कापडी पट्ट्यांना ब्लँको हा रंगलेप, पितळेला ब्रासो हे पॉलिश. इथे क्रम चुकला की सगळे पुन्हा: ब्रासो कापडी पट्ट्यावर उतरला की डाग पडतो, म्हणून पितळ आधी सोडवून घासायचे. कापडाला ब्रासो लागू नये म्हणून बटणांमागे खाचेची पट्टी सरकवायची. पँटच्या इस्त्रीच्या रेघेला आतून साबण चोळायचा. सकाळी घोंगड्या-चादरींची चौकोनी घडी. कोपरे उभे राहावेत म्हणून आत पुठ्ठा. एनसीसीत ब्रासो घासलेल्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल.

वाद असा की याने सैनिक घडतो की त्याचा वेळ जातो. बाजूने बोलणारे म्हणत, बुटाकडे लक्ष देणारा रायफलीकडेही देतो. विरोधकांचा हिशेब साधा होता: आठवड्याला २८ शिलिंगांवर आणलेल्या मुलाचे तास नेमबाजीऐवजी पॉलिशमध्ये जात. त्यांचे म्हणणे जास्त वजनाचे आहे. १९५६च्या ‘प्रायव्हेट्स प्रोग्रेस’ या चित्रपटाने फौजेतली लबाडी उघड केली होती, ‘सार्जंट’ मात्र ‘बुल’ला हसून शेवटी त्यालाच शरण जातो. सार्जंटच्या मायेपोटी पलटण एका रात्रीत सुधारते आणि सर्वोत्तम ठरते. प्रसंग हृद्य आहे, पण पॉलिशचा प्रश्न तिथेच गाडला जातो.

‘कॅरी ऑन’ हे अधिकाऱ्याचे ठरलेले वाक्य: पाहणी आटोपली, सार्जंट, पुढचे तुम्ही चालू ठेवा. पुढे तेच मालिकेचे नाव झाले. १९७८पर्यंत ३० चित्रपट निघाले, ३१वा १९९२मध्ये. १९६८मध्ये मालिका पुन्हा ब्रिटिश फौजेकडे वळली ती खैबर खिंडीच्या निमित्ताने; खिंड उभी राहिली वेल्सच्या डोंगरात, आणि चेहरे रंगवून गोऱ्या नटांनी केलेल्या भूमिका आज खटकतात. पहिल्या चित्रपटात ते ओझे नाही. त्याची उणीव दुसरीकडे आहे. कथा प्रशिक्षण संपताच थांबते. खऱ्या मुलांना तिथून पुढे मलाया, केनिया, सायप्रसला धाडले जाई. सक्तीने भरती झालेल्यांपैकी ३९५ जण लढाईत मारले गेले. शेवटची बोलावणी १९६०च्या अखेरीस निघाली, शेवटचा जवान १९६३मध्ये घरी परतला.