सिंधूची चावी

एप्रिल २०२५ चा शेवटचा आठवडा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत टँकरचा जाड पाइप टाकीत सोडलेला आणि भोवती एकच विषय: 'पाकिस्तानचं पाणी तोडलं!' पहलगामला २२ एप्रिलला मारल्या गेलेल्यांत डोंबिवलीतले तिघे होते, म्हणजे राग घरातलाच. दुसऱ्याच दिवशी भारताने सिंधू करार, म्हणजे पाकिस्तानशी १९६० मध्ये झालेली नद्यांच्या पाण्याची वाटणी, स्थगित केला होता.

चावी खरोखर फिरली होती ती १९४८ मध्ये. फाळणीची रेघ पंजाबच्या कालव्यांवरून गेली. रावीवरचं माधोपूर आणि सतलजवरचं फिरोजपूर, इथले बंधारे भारतात राहिले. त्यांच्या कालव्यांवर भिजणारी बरीच शेती पाकिस्तानात गेली. पाणी आधीसारखंच सोडत राहण्याचा 'जैसे थे'चा करार ३१ मार्चला संपला आणि १ एप्रिलला पूर्व पंजाबने पाणी बंद केलं. ४ मेच्या दिल्लीतल्या समझोत्याने ते सुटलं, पण धास्ती कायमची बसली. आमच्याकडे 'उद्या पाणी नाही' एवढा निरोप आला तरी पिंपं-कळशा भरायची धावपळ उडते. तिथे तर शेतं होती.

(वरच्याच्या हाती चावी, असं म्हणतात. ठाणे जिल्ह्यात उलटं आहे: भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरही शहापूरच्याच पाड्यांवर.)

१९५१ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी प्रमुख डेव्हिड लिलिएन्थल इकडे फिरून गेले. भारत-पाकिस्तानने मिळून सिंधूचं खोरं चालवावं, हे त्यांचं म्हणणं जागतिक बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी उचलून धरलं. एकत्र नांदणं जमेना, तेव्हा भावकीत होतं तशी वाटणी झाली. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या: रावी, बियास, सतलज भारताला, सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला. पाकिस्तानच्या नव्या कालव्यांसाठी भारताने सुमारे ६.२ कोटी पौंड दहा हप्त्यांत द्यायचे ठरले. हप्ते चालू असतानाच १९६५ चं युद्ध झालं, करार टिकला.

करारानुसार पश्चिमेच्या, म्हणजे पाकिस्तानच्या वाट्याच्या तीन नद्यांवर भारताला वीज करता येते, पण साठा ३६ लाख एकर-फुटांपर्यंतच (एक एकरावर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट). त्यामुळे पावसाळ्यातलं पाणी साठवून ठेवतील एवढी मोठी धरणंच तिथे नाहीत. तोडलं म्हणायचं तर लगेच तुटली ती माहितीची देवाणघेवाण. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूतल्या तावी नदीला पूर आला तेव्हा मात्र भारताने पाकिस्तानला इशारा कळवला, तोही करारानुसार नेमलेल्या दोन्ही देशांच्या सिंधू आयोगाला वगळून, इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायुक्तालयातून.