शेवटच्या धारेचा धूर

‘पहिल्या धारेची’ हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द. दारूला लावतात तसा खणखणीत शिवीलाही लावतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे, तिथल्या भट्ट्यांवर मात्र पहिल्या धारेला काही मान नाही. ती वेगळी काढून पुढच्या घाण्यात पुन्हा उकळायला घालतात. बाटलीच्या वाटेला लागते ती मधली धार. आणि ज्या धुरकट वासासाठी जगभरचे लोक या बेटाची व्हिस्की मागवतात, तो वास उतरतो उशिरा, धारेचा जोर ओसरायला लागला की.

माझ्यासमोर आत्ता दोन पेले आहेत. एकात १६ वर्षं मुरलेली लागावूलिन, दुसऱ्यात १२ वर्षांची कोल ईला. दोन्ही आयलाच्या, दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्हींत मद्यार्क ४३ टक्के. दोघींचं धुरी दिलेलं धान्यही बेटावरच्या पोर्ट एलन इथल्या एकाच कारखान्यातून येतं आणि त्याला दिलेली धुरीही जवळपास सारखीच असते. तरी पहिल्या पेल्यातून विझत आलेल्या शेकोटीचा दाट, गोडसर धूर येतो. दुसऱ्यातून लिंबाची साल, ओला दगड आणि मागे कुठेतरी फडक्यात गुंडाळल्यासारखा धूर. एकाच पिठाच्या दोन घरच्या भाकऱ्या वेगळ्या लागाव्यात, तसंच हे. फरक कुठे पडला हे शोधायचं तर धुराच्या मागे धान्यापासून पेल्यापर्यंत जावं लागतं.

आयलावर झाडं कमी, पीट भरपूर. पीट म्हणजे अर्धवट कुजलेली वनस्पती. पाणथळ जमिनीत हवा पोचत नाही, म्हणून शेवाळ, हेदरची झुडपं, लव्हाळी पुरती कुजत नाहीत. थरावर थर साचत जातात. वेग वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर. मीटरभर खणलं की हाताला लागतं ते आपल्याकडे कोकणात शिलाहार राज्य करत होते त्या काळातलं शेवाळ. त्याच्या विटा कापून वाळवतात आणि जाळतात. पूर्वी हे घरोघरी चुलीचं जळण होतं. व्हिस्कीत धूर आला तो कोणाच्या कल्पकतेने नाही, दुसरं जळण नव्हतं म्हणून.

बार्ली भिजवून तिला मटकीसारखे मोड आणतात. मोड हवे तेवढे झाले की ते थांबवायला दाणे भट्टीवर वाळवतात. धुरी द्यायची ती याच वेळी, दाणा वरून ओला असताना. कारण धुरातली द्रव्यं ओल्या सालीला धरतात. दाणा कोरडा झाला की नंतर कितीही धूर करा, फारसा चिकटत नाही. म्हणून सुरुवातीला आग मुद्दाम मंद ठेवतात, ज्वाळा कमी आणि धूर जास्त.

या धुरात फिनॉल वर्गातली बरीच रसायनं असतात आणि वास घेणाऱ्याने त्यांना वेगवेगळं ओळखायला शिकायचं असतं. ‘धुरकट आहे’ एवढं म्हणून थांबणं म्हणजे गोडा मसाला चाखून ‘मसालेदार आहे’ म्हणण्यासारखं. साधं फिनॉल म्हणजे जुनं कार्बोलिक अ‍ॅसिड. जोसेफ लिस्टर यांनी १८६५मध्ये जखमा निर्जंतुक करायला ते वापरलं, तेही आयलापासून फार लांब नसलेल्या ग्लासगोत. लाल कार्बोलिक साबणाने हात धुतलेल्या आपल्या पिढीला आयलाची व्हिस्की हुंगली की आधी दवाखाना आठवतो, त्यात नाकाची काही चूक नाही. क्रेसॉलं डांबराकडे, मलमपट्टीकडे जातात; त्यातलं पॅरा-क्रेसॉल तर गोठ्याच्या वासातही असतं. आणि ग्वायकॉल म्हणजे खरा चुलीचा धूर. लाकडातलं लिग्निन तापून तुटलं की ते तयार होतं. भरताचं वांगं निखाऱ्यावर भाजलं की जो वास लागतो, त्यात त्याचा मोठा वाटा असतो.

या ग्वायकॉलचं घराणं मला फार आवडतं. लवंगेतलं युजेनॉल आणि व्हॅनिलातलं व्हॅनिलिन ही त्याचीच भावंडं: सांगाडा तोच, फक्त शेपूट निराळं. धुरकट व्हिस्कीत लवंग ‘सापडली’ असं कोणी म्हटलं तर ती नुसती कविता नसते. व्हॅनिलिनही असतंच, पण ते ओकच्या पिंपातून येतं. इंग्रजीतल्या चव-नोंदी वाचून आपण बिचकतो, कारण त्यात खारवून धुरी दिलेला हेरिंग मासा वगैरे येतो, जो आपण कधी खाल्लेला नसतो. खुशाल सुकट लिहा, लवंगेचं तेल लिहा, पाणी मारून विझवलेली चूल लिहा. रेणू तेच आहेत.

आता आकड्यांकडे. धूर मोजतात दशलक्षात फिनॉलांचे किती भाग, या हिशेबाने. आपल्या दोन्ही पेल्यांचा आकडा ३५च्या आसपास. ब्रुकलाडी भट्टीच्या ऑक्टोमोर मालिकेत एकदा तो ३०९.१पर्यंत गेला होता. गंमत अशी की हा आकडा व्हिस्कीचा नसतोच, तो असतो धुरी देऊन वाळवलेल्या धान्याचा. दळलेलं धान्य गरम पाण्यात घालून रस काढला की काही फिनॉलं चोथ्याबरोबर जातात, उकळताना आणखी जातात, पिंपात वर्षानुवर्षं पडून राहिली की आणखी उणावतात. ३०९ची व्हिस्की ३५च्या नऊपट धुरकट लागत नाही. दुकानात हा आकडा वाचून बाटली निवडणं म्हणजे बाजारातल्या मिरच्या मोजून रश्शाचा तिखटपणा ठरवणं.

दोन पेल्यांतला फरक पडतो तो मुख्यतः दारू गाळायच्या तांब्याच्या भांड्यात. फिनॉलांचा उत्कलनबिंदू १८० ते २०५ अंशांच्या घरात, मद्यार्काचा ७८. पण एवढ्याने गोष्ट पुरी होत नाही. फिनॉलांना पाण्यापेक्षा मद्यार्काची संगत जास्त मानवते. भांड्यात मद्यार्क भरपूर आहे तोवर ती त्यात विरघळून खाली बसतात. मद्यार्क उडून कमी होत गेला, पाण्याचं प्रमाण वाढलं, की त्यांचा आधार सुटतो आणि वाफेबरोबर ती बाहेर पडायला लागतात. म्हणून धूर शेवटच्या धारेला. मधली धार कुठे तोडायची हा भट्टीवाल्याचा निर्णय. लागावूलिनमध्ये धार बरीच खालपर्यंत चालू ठेवतात आणि भांडं हळूहळू चालवतात. कोल ईलात ती लवकर तोडतात, भांडीही मोठी, आणि वाफेला तांब्याशी भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे जड द्रव्यं मागे राहतात. धान्य तेच, कात्री वेगळ्या जागी चालली.

आणि हाच खेळ पुन्हा पेल्यात होतो.

स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७मध्ये संगणकावर पाणी, मद्यार्क आणि ग्वायकॉल यांच्या रेणूंचं वागणं तपासलं. मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी रेंगाळतं. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की मद्यार्काचे रेणू त्याला वेढतात आणि ते आत खोल जातं. नाक पृष्ठभागावर असतं, पेल्याच्या तळाशी नाही. पिंपातून थेट भरलेल्या ५८-६० टक्क्यांच्या धुरकट व्हिस्कीत चमचाभर पाणी घातलं की धूर कमी होण्याऐवजी उसळून वर येतो, याचं एक कारण हे असावं. पाणी घालणाऱ्याकडे तुच्छतेने बघणारे रसिक प्रत्येक मैफिलीत असतात. त्यांना हे ऐकवायला मला मजा येते.

किती पाणी? अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे गेलं की एकाच प्रकारातल्या व्हिस्क्या नाकाला एकसारख्या वाटायला लागतात. व्यवसायाने व्हिस्की पारखणारे मात्र नमुना थेट २० टक्के मद्यार्कापर्यंत पातळ करून हुंगतात. यात विरोध नाही. त्यांना दिवसाला ढीगभर नमुने तपासायचे असतात, दोष पकडायचे असतात आणि नाक संध्याकाळपर्यंत टिकवायचं असतं. पीत तर ते जवळजवळ नाहीतच. बर्फाबद्दल माझं मत विचाराल तर, उकाड्यात हवं तर घाला, पण मग वासाबद्दल बोलू नका. गार द्रवातून वास उडतच नाही.

आता प्रत्यक्ष. पेला तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता. व्हिस्की १५-२० मिलिलिटर, बस्स. नाक एकदम आत खुपसायचं नाही. हनुवटीपाशी पेला धरून, ओठ किंचित उघडे ठेवून हळू वर आणायचा. पहिल्या हुंगण्यात जो झणका बसतो तो वास नव्हेच. मिरचीची आग ओळखणारी जी चेतातंतूंवरची यंत्रणा आहे, तिलाच मद्यार्क डिवचतो. एरवी ती साधारण ४२ अंश तापमानाला ‘भाजलं’ म्हणून ओरडते. मद्यार्काच्या सान्निध्यात हा उंबरठा ३४ अंशांवर येतो, म्हणजे आपल्या तोंडाच्या तापमानाच्याही खाली. आपलं स्वतःचंच तोंड आपल्याला भाजतं! म्हणून पहिला घोट हिशेबात धरायचा नाही. तोंड सरावलं की दुसरा घोट तोंडभर फिरवा, गिळा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. धूर खरा कळतो तो या उलट्या वाटेने, घशाकडून नाकाकडे. लागावूलिनमध्ये आधी गोडवा येतो, मग काळा कोरा चहा, आणि राख तीन-चार श्वासांनंतर. कोल ईलात राख आधी येऊन जाते आणि मागे लिंबू उरतं.

दहा मिनिटांत नाक धुराला सरावतं आणि तो जणू नाहीसा होतो. नवखे इथे वैतागतात. मला तर पारख इथून सुरू होते असं वाटतं, कारण पडदा सरकल्यावर मागचं धान्य, फळ, पिंपाचं लाकूड दिसायला लागतं. धूर परत हवा असेल तर पेला ठेवून जरा मोकळ्या हवेत जा. कॉफीच्या बिया हुंगायचा रिवाज आहे, पण चाचणीत त्यांचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग दिसलेला नाही. आणि बैठकीत चार व्हिस्क्या असतील तर धुरकट शेवटी घ्या, नाहीतर पुढच्या तिन्ही धुरकट लागतील.

रंगावर जाऊ नका, कारण स्कॉचमध्ये साधं कॅरॅमल घालून रंग सारखा करायला कायद्याने परवानगी आहे. समुद्राच्या गोष्टींवरही जपून. लाटांचे तुषार खाऊन पिंपं खारट होतात असं जाहिराती सांगतात. कोल ईलाची बहुतेक पिंपं मुरतात मुख्य भूमीवरच्या गोदामांत. तरी मला तिच्यात खारेपणा जाणवतो, हेही कबूल करतो. बाटलीवरचं चित्र बघून नाक काय काय बनवतं, कोण जाणे.

आयलाचा हा धूर आता आपल्या शेजारीही पोचलाय. गोव्यात कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉन बोल्ड या सिंगल माल्टसाठी आयलाचं पीट आणतात. धूर तिकडचा, ऊन इकडचं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडते, गोव्यात सुमारे ८. त्यामुळे तिथे १६ वर्षं वाट बघण्यात अर्थ नसतो, पिंपात फारसं काही उरणारच नाही.

एक प्रयोग फुकटचा आहे. रात्री रिकामे झालेले पेले विसळू नका, तसेच ओट्यावर राहू द्या. काल मी तेच केलं. सकाळपर्यंत मद्यार्क सगळा उडालेला, तळाशी दिसेल न दिसेल असा चिकट थर. कोल ईलाच्या पेल्यात विझलेल्या काडीचा हलका वास होता. लागावूलिनचा पेला नाकाशी नेण्याची गरजच पडली नाही. चहाचं आधण ठेवायला आलेल्या बायकोने स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, “काय जळलं?”