‘सर्वर डाउन है’ म्हणजे नेमकं काय?

इंदूरमध्ये कुठल्याही काउंटरवर ‘सर्वर डाउन है’ हे ऐकून आपण मुकाट्याने परततो. पण पडद्यावरचा इंग्रजी संदेश नीट वाचला तर पुष्कळदा उलटंच कळतं: सर्व्हर चालू आहे आणि त्याने उत्तरही दिलं आहे.

समजा, सियागंजच्या गोदामातल्या मशीनवर पोस्टग्रेस डेटाबेस आहे आणि राजवाड्याजवळच्या दुकानातून डीबीव्हरमध्ये (डेटाबेस उघडून पाहण्याचा प्रोग्राम) तो उघडायचा आहे. आयपी पत्ता आपल्याला मशीनपर्यंत नेतो. त्यातल्या कोणत्या प्रोग्रामशी बोलायचं, ते पोर्ट क्रमांक सांगतो. पोस्टग्रेसचा रूढ पोर्ट 5432, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा 3306, ओरॅकलचा 1521.

पासवर्डची पाळी नंतर येते. आधी टीसीपीचा, म्हणजे दोन मशीनमध्ये जोडणी करणाऱ्या नियमांचा, तिहेरी रामराम: दुकानातून ‘सिन’ हे पॅकेट (माहितीचं छोटं पुडकं) जातं, गोदामातून ‘सिन-अ‍ॅक’ येतं, इकडून ‘अ‍ॅक’ जातं. मला खरी गंमत वाटते ती हा रामराम फसतो तेव्हा. 5432 वर कोणी ऐकत नसेल, तर गोदामातली ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः ‘आरएसटी’ हे नकाराचं पॅकेट पाठवून तत्काळ नकार देते. हाच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. क्षणात नकार आला याचा अर्थ वायर, राउटर, पत्ता सगळं बहुधा ठीक आहे. एक तर पोस्टग्रेस बंद आहे, नाहीतर तो फक्त 127.0.0.1 वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनपुरता, ऐकतो आहे. मुळातली सेटिंग तशीच असते. (काही फायरवॉलही, म्हणजे नेटवर्कवरचे पहारेकरी, असा नकार पाठवतात, पण ते कमी.)

‘टाइम्ड आउट’ची जात वेगळी. तिथे काहीच उत्तर येत नाही. मशीन बंद असेल, पत्ता चुकला असेल किंवा फायरवॉलने पॅकेट गुपचूप गिळलं असेल. आपली बाजू मात्र चिकाटी सोडत नाही. लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्या 1, 2, 4, 8, 16, 32 सेकंद अशा दुपटीने थांबत ‘सिन’ पुन्हा पाठवतात आणि शेवटच्या 64 सेकंदांनंतर, एकूण 127 सेकंदांनी, हार मानतात. घड्याळाकडे पाहूनच निम्मं निदान होतं!

फायरवॉल काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. जानेवारी 2003 मध्ये ‘स्लॅमर’ हा किडा (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या 1434 क्रमांकाच्या यूडीपी (रामरामाशिवाय पॅकेट पाठवण्याची पद्धत) पोर्टातून शिरला आणि दहा-एक मिनिटांत जगभर पसरला. दुरुस्ती सहा महिने आधीच आलेली होती. सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी त्याऐवजी अपडेट करावं. दोरीला लटकलेलं लिंबू एकही पॅकेट अडवत नाही.

तिसरा संदेश येतो तो ‘पीजी-एचबीए’ फाइलीत, म्हणजे कोणाला आत घ्यायचं त्या पोस्टग्रेसच्या यादीत, नोंद नसल्याचा. हा आला की समजा, रामराम पुरता झाला आहे आणि खुद्द पोस्टग्रेस बोलतो आहे. त्या संदेशात दुकानाचा पत्ता दिलेला असतो. त्या पत्त्याची ओळ फाइलीत घालून सेटिंग रीलोड करायची. मशीन बंद-चालू करायची गरज नसते. पोस्टग्रेस रीस्टार्ट करावा लागतो तो ऐकण्याचा पत्ता बदलला तर.