रोख धरणं वेगळं, माग काढणं वेगळं

गच्चीवर डीटीएचची डिश बसवायला येणारा मुलगा काय करतो ते आठवा. आधी होकायंत्र आणि कोन बघून डिश वळवतो. मग मीटरकडे बघत ती केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवतो आणि आकडा सगळ्यात वर गेला की बोल्ट आवळतो. पहिलं काम पॉइंटिंग, दुसरं ट्रॅकिंग. ड्रोनवरच्या सॅटेलाइट अँटेनाबद्दल बोलताना हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. तिथे तर बोल्ट आवळून मोकळं होताच येत नाही. दोन्ही कामं अख्खं उड्डाणभर चालू राहतात.

ग्लोबल हॉक या अमेरिकी ड्रोनचं कपाळ फुगीर दिसतं, कारण आत सुमारे १.२ मीटरची डिश आहे. केयू बँड या उपग्रह-संपर्काच्या रेडिओपट्ट्यात तिचा झोत, म्हणजे डिशमधून निघणाऱ्या लहरींचा पट्टा, सव्वा अंशाच्या आसपास रुंद. उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर, आणि त्याच्या शेजारचा उपग्रह बऱ्याचदा २ अंशांवरच.

पॉइंटिंग हा निव्वळ हिशेब आहे. विमान कुठे आहे ते जीपीएस सांगतो, किती कललंय आणि नाक कुठे आहे ते जायरो, म्हणजे वळणं मोजणारा सेन्सर. त्यावरून मोटरी डिश वळवतात. जागेत १ किलोमीटरची चूक झाली तरी एवढ्या अंतरावर काही बिघडत नाही. खरी अडचण नाकाच्या दिशेची. आडव्या वाऱ्यात विमानाचं नाक एकीकडे आणि वाट दुसरीकडे असते. जीपीएसला वाट कळते, नाक नाही. त्यात जायरोची चूक हळूहळू साचत जाते. उपग्रह क्षितिजापासून ४५ अंश वर असेल तर दिशेतली १ अंशाची चूक झोत ०.७ अंशाने हुकवते आणि सिग्नल निम्म्याच्याही खाली येतो. हिशेबाला मात्र ही चूक कधीच दिसत नाही. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ट्रॅकिंग थेट सिग्नललाच विचारतं. साधी पद्धत त्या मुलाचीच: थोडं हलवा, वाढला का बघा. पण झोताचा माथा सपाट असतो. ०.२ अंश ढळलं तर सिग्नल जेमतेम ७ टक्के उतरतो. तेवढा तर पावसानेही उतरतो. म्हणून मोनोपल्स पद्धतीत अँटेनाच्या वेगवेगळ्या ग्रहण-नमुन्यांतून (कुठल्या दिशेचा सिग्नल किती घ्यायचा याच्या रचनांतून) एकाच क्षणी आलेल्या सिग्नलची तुलना करून डिश कुठल्या बाजूला ढळली तेही कळतं.

वळताना शेपूट आड आली की सिग्नल जातो. त्या क्षणी ट्रॅकिंग थांबवावंच लागतं, नाहीतर डिश नुसत्या खरखरीमागे भरकटते. तेवढे सेकंद हिशेबच रोख धरून ठेवतो. सिग्नल परतला की ट्रॅकर साचलेली चूक मोजतो आणि जायरोची दिशा त्यावरून दुरुस्त करता येते.

डिशने उपग्रहाकडे सिग्नल पाठवताना मात्र एवढं ढळणं चालत नाही, कारण ढळलेला झोत शेजारच्या उपग्रहाच्या कामात व्यत्यय आणतो. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने विमानांवरच्या अशा अँटेनांसाठी घातलेली अट होती: ०.५ अंशापलीकडे ढळलं, तर १०० मिलिसेकंदांत सिग्नल पाठवणं बंद.