अ‍ॅल्युलोज : दुर्मीळ साखर पोत्यात कशी आली

जपानच्या शिकोकू बेटावरच्या कागावा विद्यापीठात केन इझुमोरी यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक जिवाणू शोधला. त्यासाठी दूरच्या जंगलात जावे लागले नाही, कृषी विभागाच्या आवारातली मातीच पुरली. या स्यूडोमोनास चिकोरीकडे एक एन्झाइम होते. ते फ्रुक्टोजच्या तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) एका बाजूचा दुसऱ्या बाजूला करी. बाकी रेणू जसाच्या तसा. तेवढ्याने फ्रुक्टोजचे अ‍ॅल्युलोज होते.

अ‍ॅल्युलोज नवे नव्हते. त्याचे जुने नाव सायकोज. सायकोफ्युरॅनिन या प्रतिजैविकात ही साखर सापडली, त्यावरून ते पडले. उसाच्या मळीत ती किंचित असते, इटिया नावाच्या झुडपाच्या पानांत थोडी जास्त. म्हणजे आपल्या साखर कारखान्यांच्या मळीच्या टाक्यांतही ती असणार, फक्त काढायला परवडणार नाही. सहा कार्बनच्या साखरा आणि त्यांची अल्कोहोले मोजली तर ३४ होतात. त्यांतल्या ग्लुकोज, फ्रुक्टोजसारख्या मोजक्याच निसर्गात मुबलक, बाकीच्या दुर्मीळ. त्या बनवणे रसायनाने अशक्य नव्हते, पण टप्पे लांबलचक आणि हाती येणारे उत्पादन तुटपुंजे. अशा महाग पुडीवर प्रयोग करायला कोण धजावणार? गुणधर्मांचा अभ्यास रखडला तो यामुळे.

एन्झाइमने ही कोंडी फोडली. इझुमोरींनी पुढे या सगळ्या साखरा एन्झाइमांच्या वाटांनी जोडणारे एक वर्तुळ मांडले. त्याला इझुमोरिंग म्हणतात. नाव जरा मिरवणारे आहे, पण नकाशा खरोखर उपयोगी. अडचण उरली ती समतोलाची: साधारण चौथा हिस्सा फ्रुक्टोज बदलले की क्रिया थांबते. उरलेल्या मिश्रणातल्या साखरा क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे घटक वेगळे काढण्याच्या तंत्राने, अलग कराव्या लागतात, आणि कारखान्याचा खर्च वाढतो तो इथेच.

अ‍ॅल्युलोजची गोडी साध्या साखरेच्या सुमारे ७० टक्के, ऊर्जा ग्रॅमला जेमतेम ०.४ किलोकॅलरी. आतड्यातून बरीच शोषली जाते, पण शरीर ती फारशी वापरत नाही आणि लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये ती लेबलवरच्या एकूण साखरेत न मोजण्याची भूमिका घेतली. एकदम जास्त खाल्ली तर मात्र पोट बिघडते.

प्रयोगशाळेत तिला साधी साखर समजून चालत नाही. दमट हवेत गुठळ्या होतात, म्हणून डबी घट्ट बंद हवी. ती अमिनो आम्लांशी झटकन तपकिरी होते. बेकरीत हाच गुण, पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणात दोष. ऑटोक्लेव्हऐवजी (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्याऐवजी) ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून निर्जंतुक केलेली बरी. अल्कलीत तिचे रूप बदलून दुसऱ्या साखरा तयार होतात. बाटलीत उरलेले थोडे फ्रुक्टोज तर सगळ्यात फसवे: पेशींनी ते खाल्ले तरी परिणाम अ‍ॅल्युलोजच्या नावावर जमा होतो. म्हणून प्रयोगाआधी शुद्धता तपासायची, आणि तुलनेला फ्रुक्टोजचा गट ठेवायचाच.

तिची भावंडे अजून पूर्ण उलगडलेली नाहीत. अ‍ॅलोज या दुर्मीळ साखरेने काही कर्कपेशींची वाढ मंदावल्याचे काचपात्रात दिसले आहे. भाताच्या रोपांवरही तिचे प्रयोग झाले. अ‍ॅल्युलोजपासून अ‍ॅलोज बनवण्याची वाटही त्याच वर्तुळात आहे, फक्त एन्झाइम वेगळे.